पैसा आधी, परवाना मागाहून

अमेरिकेत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी वर्तनोपचाराची संस्था काढायची आणि तिचा खर्च मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सार्वजनिक आरोग्य विम्याकडून मिळवायचा, तर मालकाला स्वतःला उपचारातले काही कळलेच पाहिजे अशी अट अनेक राज्यांत नाही. त्याने मर्यादित दायित्वाची कंपनी नोंदवावी, करखात्याकडून ओळख क्रमांक घ्यावा, संस्थेसाठी एक आणि प्रत्येक व्यावसायिकासाठी वेगळा असा राष्ट्रीय प्रदाता क्रमांक मिळवावा, राज्याच्या मेडिकेड खात्यात नोंदणी करावी आणि मेडिकेडचा कारभार ज्या खासगी विमा कंपन्यांवर सोपवलेला असतो, त्या प्रत्येक कंपनीकडे पुन्हा वेगळी पडताळणी करून घ्यावी. पाच टक्के किंवा त्याहून अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाचे नाव उघड करावे लागते, गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते आणि सरकारी योजनांतून हद्दपार केलेल्यांच्या यादीत आपले नाव नाही हेही दाखवावे लागते. यात काही महिने जातात. जागेचे भाडे आणि पगार मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतात. कागद पुष्कळ आहेत, आणि अमेरिकी वैद्यकीय बिलांच्या कामाचा मोठा भाग भारतात रात्रपाळीत होत असल्याने पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच तरुणांना ते तोंडपाठही असतील. मात्र मुलाजवळ तासन् तास कोण बसणार आणि त्या बसणाऱ्याचे काम कोण पाहणार, हा प्रश्न त्या ढिगात फार उशिरा आणि फार हळू आवाजात विचारला जातो.

या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच, की सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या स्वमग्नता-उपचारांत परवान्याचा मुख्य विषय मालक नसून देखरेख असली पाहिजे, आणि ती देखरेख जागेवर आहे याची खात्री पैसे वाहू लागण्यापूर्वी झाली पाहिजे. अमेरिकेने हा क्रम उलटा ठेवला. त्याची किंमत आज प्रामाणिक संस्था आणि त्यांच्याकडची मुले मोजत आहेत.

क्रम उलटा कसा झाला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मेडिकेड १९६५ साली आले. १९६७ च्या दुरुस्तीने त्यात एकवीस वर्षांखालील लाभार्थ्यांची वेळोवेळी तपासणी, निदान आणि उपचार करण्याची तरतूद आली आणि १९८९ साली ती अधिक कडक झाली: मुलाला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार राज्याच्या योजनेत एरवी नसला, तरी कायद्याच्या चौकटीत बसत असल्यास तो द्यावाच लागेल. स्वमग्नतेवरचे वर्तनोपचार या तरतुदीखाली येतात की नाही यावर राज्ये बरीच वर्षे टोलवाटोलवी करत राहिली आणि पालक न्यायालयांत जात राहिले. अखेर जुलै २०१४ मध्ये मेडिकेड पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने परिपत्रक काढून या मुलांबाबतचे राज्यांचे कर्तव्य स्पष्ट केले. हा निर्णय योग्यच होता, आणि पुढे जे काही घडले त्याचे खापर त्याच्यावर फोडणारे लोक गरीब घरातल्या मुलांना विसरतात. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीत २००० साली आठ वर्षांच्या दीडशे मुलांमागे एक मूल स्वमग्न आढळले होते. २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण एकतीस मुलांमागे एक झाले. या वाढीत निदानाची व्याख्या रुंदावल्याचा आणि तपासणी वाढल्याचा मोठा वाटा आहे, पण निदान झालेल्या मुलाला मदत लागते, ती व्याख्या केव्हा रुंदावली यावर अवलंबून नसते.

हक्क मिळाला तो असा. पण हा उपचार म्हणजे औषधाची गोळी नव्हे. पदव्युत्तर शिक्षण आणि दीर्घ पर्यवेक्षित सराव पूर्ण केलेला वर्तनविश्लेषक मुलाचे मूल्यमापन करून आराखडा आखतो, आणि प्रत्यक्षात मुलाजवळ आठवड्याला वीस, तीस, कधी चाळीस तास बसतो तो तंत्रज्ञ. या तंत्रज्ञासाठीचे नोंदणीकृत प्रमाणपत्र २०१४ सालीच, म्हणजे परिपत्रकाच्याच वर्षी, सुरू झाले. त्यासाठी वय अठरा, शालेय शिक्षण पूर्ण, चाळीस तासांचे प्रशिक्षण, एक कौशल्य-चाचणी आणि एक परीक्षा एवढे पुरते. महिन्यात तो जितके तास काम करतो त्याच्या किमान पाच टक्के तास त्याच्यावर देखरेख असावी असा नियम आहे. वर्तनविश्लेषकांच्या व्यवसायातल्याच मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मात्र दर दहा तासांच्या उपचारामागे एक ते दोन तास तज्ज्ञाचे लक्ष असावे असे म्हटले आहे. मोजण्याच्या पद्धती थोड्या वेगळ्या असल्या, तरी किमान नियम आणि चांगले काम यांच्यात दुपटीपासून चौपटीपर्यंत अंतर आहे एवढे यातून दिसते. धंदा करू पाहणाऱ्याची नजर नेमकी याच अंतरावर जाते.

कारण बिल लागते ते तासाला; अधिक नेमकेपणाने सांगायचे तर पंधरा मिनिटांच्या एककाला. जानेवारी २०१९ पासून या उपचारांसाठी देशभर कायमस्वरूपी बिल-संकेतांक लागू झाले आणि तंत्रज्ञाने मुलाबरोबर घालवलेल्या प्रत्येक पाव तासाला एक अंक चिकटला. इंडियाना राज्याने जानेवारी २०२४ मध्ये या कामाचा एकसमान दर ठरवला, तो ताशी ६८.२४ डॉलर. आठवड्याला तीस तास धरले तर एका मुलामागे वर्षाला एक लाख डॉलरांच्या आसपास रक्कम होते; तंत्रज्ञाच्या हाती त्यातले ताशी साधारण वीस-पंचवीस डॉलर पडतात. उरलेल्या पैशात जागा, विमा, कार्यालय आणि वर्तनविश्लेषकाचा पगार येतो, आणि या यादीतली सर्वांत महाग तरीही सर्वांत सहज कापता येणारी बाब म्हणजे त्या विश्लेषकाचा वेळ. भाडे कमी दिले तर जागामालक दारात येतो, पण देखरेख कमी केली तर तक्रार करणारा कोणीच नसतो, कारण ज्याचे नुकसान होते ते मूल अनेकदा बोलत नाही आणि त्याच्या पालकांना आत काय चालते ते दिसत नाही.

एकसमान दर येण्यापूर्वीची इंडियानातली पद्धत तर थक्क करणारी होती. संस्थेने जी रक्कम बिलात मागितली, तिच्या चाळीस टक्के राज्य देत असे. म्हणजे अधिक मागणाऱ्याला अधिक मिळे. मेडिकेडचा या उपचारांवरचा खर्च २०१७ साली २.१ कोटी डॉलर होता, तो २०२३ साली ६१.१ कोटींवर गेला, यात मग नवल काय! ही सगळी वाढ लबाडीची होती असे मी म्हणत नाही. पूर्वी उपचार मिळतच नसलेली हजारो मुले त्यात होती. पण लबाडी किती आणि गरज किती हे सांगता येईल अशी कोणतीही नोंद राज्याने ठेवली नव्हती, हा खरा दोष. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी इंडियानाच्या २०१९ आणि २०२० च्या बिलांचा अहवाल दिला. नमुन्यादाखल घेतलेल्या शंभर लाभार्थी-महिन्यांपैकी (एका मुलाची एका महिन्याची बिले म्हणजे एक लाभार्थी-महिना) शंभरही महिन्यांत एकतरी अयोग्य किंवा संशयास्पद भरणा आढळला, आणि अयोग्य भरण्याचा अंदाज किमान ५.६ कोटी डॉलर निघाला. जुलै २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या अहवालातही शंभरपैकी शंभर हाच निकाल लागला. तिथला अंदाज १.८५ कोटींचा होता. दोष कोणते, हे पाहण्यासारखे आहे: सत्राच्या टिपणांवरून बिलातले तास सिद्ध होत नाहीत, टिपणावर सही नाही, उपचार देणाऱ्याकडे प्रमाणपत्र नाही, मुलाच्या झोपेचा किंवा खेळाचा वेळ उपचार म्हणून लावला असण्याची शक्यता आहे. यातले बहुतेक दोष अनुभवी पर्यवेक्षकाने आठवड्यातून एकदा शांतपणे टिपणवही चाळली असती तरी सापडले असते. ते सापडायला चार-पाच वर्षे आणि वॉशिंग्टनहून लेखापरीक्षक यावे लागले.

मिनेसोटाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणूनच त्यावर थोडे थांबायला हवे. या राज्याने २०१३ साली कायदा करून लहान वयातल्या सघन उपचारांचा स्वतंत्र मेडिकेड कार्यक्रम उभा केला. मिनियापोलिस शहरात सोमाली समाज मोठा आहे, आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या २०१३ च्या पाहणीत त्या समाजातल्या बत्तीस मुलांमागे एक स्वमग्न आढळले होते. गोऱ्या मुलांतले प्रमाण जवळपास तेवढेच, छत्तिसांमागे एक. इंग्रजी नीट न येणाऱ्या आईला आपल्या मुलाबद्दल आपल्या भाषेत कोणाशी तरी बोलता यावे, म्हणून कार्यक्रमाने सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्यासाठी पात्रता मुद्दाम सैल ठेवली: शालेय शिक्षण किंवा इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवर प्रभुत्व असे पर्याय दिले. हेतू चांगला होता, आणि मी आजही त्याच्या बाजूने आहे. परदेशात मुलाचे निदान ऐकणाऱ्या कोणत्याही स्थलांतरित कुटुंबाला, मग ते न्यू जर्सीतले मराठी कुटुंब का असेना, या हेतूचे मोल कळेल.

पण पात्रता सैल करताना देखरेख घट्ट करायला हवी होती, ती केली नाही, आणि संस्थेला वेगळा परवानाच नव्हता. नोंदणी केली की संस्था तयार. २०१८ साली राज्यात असे ४१ प्रदाते होते, २०२३ साली ३२८ झाले. त्याच काळात त्यांना दिलेली रक्कम सुमारे ६० लाख डॉलरांवरून जवळपास १९.२ कोटींवर गेली. संस्था आठपट आणि पैसा बत्तीसपट, म्हणजे सरासरी संस्थेमागे चौपट. ही आकडेवारी दर तिमाहीला कोणाच्या तरी टेबलावर येत असणार. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने दोन केंद्रांवर छापे घातले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये या कार्यक्रमातला पहिला फौजदारी आरोप दाखल झाला: एका संस्थेने सुमारे १.४ कोटी डॉलर लाटले, मुले आणण्यासाठी पालकांना मुलामागे महिना ३०० ते १,५०० डॉलर दिले आणि अठरा-एकोणीस वर्षांचे अप्रशिक्षित नातेवाईक तंत्रज्ञ म्हणून दाखवले. त्या तरुणांचे वय किंवा शिक्षण हा एवढ्यावरून गुन्हा ठरत नव्हता, हे विसरू नये. नियमानुसार तेवढ्या शिक्षणाचा माणूस तिथे बसू शकत होता. त्याच्या मागे उभा राहणारा तज्ज्ञ खरोखर आहे का, एवढेच कोणी पाहिले नाही.

मग जे व्हायचे ते झाले. २०२५ च्या अधिवेशनात मिनेसोटाने या संस्थांसाठी तात्पुरत्या परवान्याची तरतूद केली, म्हणजे कार्यक्रम सुरू होऊन दहा वर्षे उलटल्यावर. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी या उपचारांसह चौदा ‘अतिजोखमीच्या’ सेवांची बिले बाहेरच्या कंपनीकडून तपासून घेण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी भरणा नव्वद दिवसांपर्यंत लांबू शकेल असे ठरले. नव्वद दिवस भरणा थांबला तर बनावट संस्थेचे काहीच बिघडत नाही, कारण तिच्याकडे पगार घेणारे फारसे नसतातच. बिघडते ते आठ-दहा मुलांचे केंद्र चालवणाऱ्या आणि महिन्याच्या बिलावर महिन्याचा पगार भागवणाऱ्या बाईचे. दुसरीकडे नेब्रास्काने ऑगस्ट २०२५ मध्ये काही सेवांचे दर जवळपास निम्म्यावर आणले. तिथले जुने दर अवाजवी होते हे मान्य केले, तरी एका फटक्यात निम्मी कपात केल्यावर संस्था सर्वप्रथम काय कापेल याचे उत्तर वर येऊन गेले आहे: वर्तनविश्लेषकाचा वेळ. ज्या दोषापायी खर्च हाताबाहेर गेला, तोच दोष ही कपात वाढवते.

परवाना कडक करण्याला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो केवळ धंदेवाल्यांचा नाही. परवान्याच्या अटी वाढल्या की त्या पुऱ्या करण्याची ऐपत फक्त मोठ्या साखळ्यांकडे उरते, समाजातून उभी राहिलेली छोटी केंद्रे बंद पडतात आणि प्रतीक्षायाद्या लांबतात. मोठ्या साखळ्या म्हणजे स्थैर्य असेही नाही. या क्षेत्रातली एक जुनी, देशभर पसरलेली संस्था २०१८ साली ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने विकत घेतली आणि जून २०२३ मध्ये त्या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. मधल्या काळात अनेक राज्यांतली केंद्रे बंद झाली आणि तिथल्या मुलांच्या पालकांना नव्याने दारे ठोठावावी लागली. आक्षेप खरा आहे. परंतु तो प्रवेशद्वारावर कागद वाढवण्याविरुद्ध आहे, देखरेख तपासण्याविरुद्ध नाही, आणि या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे चर्चा नेहमी ‘दार उघडे की बंद’ याच वळणावर अडकते.

मला पायऱ्यापायऱ्यांचा परवाना योग्य वाटतो. पहिल्या वर्षी नव्या संस्थेला मोजक्याच, समजा बारा, मुलांची परवानगी असावी. एक वर्तनविश्लेषक सघन उपचारांतली साधारण सहा ते बारा मुले नीट सांभाळू शकतो असे व्यवसायातली मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. परवान्यावर मालकाच्या नावाइतक्याच ठळकपणे त्या विश्लेषकाचे नाव असावे, आणि तो संस्था सोडून गेला तर ठरावीक मुदतीत दुसरा येईपर्यंत नवी मुले घेणे आपोआप थांबावे. त्याच एका तज्ज्ञाचे नाव पाच संस्थांच्या परवान्यांवर दिसले तर ते संगणकाला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. हे करणे अवघड नाही, कारण प्रत्येकाला राष्ट्रीय क्रमांक आधीच दिलेला आहे. तंत्रज्ञाच्या तासांचे बिल त्या महिन्यातल्या देखरेखीच्या नोंदीशी जोडले जावे आणि नोंद नसेल तर बिल पुढेच जाऊ नये. वर्षभर पूर्वसूचना न देता भेट देणाऱ्या तपासनिसाने मुलांजवळ बसून काम पाहावे, नुसती फाइल पाहून परत जाऊ नये. हे सारे नीट पार पडले की मुलांची मर्यादा वाढवावी. छोट्या संस्थेला यात भांडवल लागत नाही, लागतो तो एक खरा तज्ज्ञ. तोच नसेल तर ती संस्था सुरू न झालेलीच बरी, मग तिचा मालक कितीही सज्जन असो.

इथे खर्चाचा प्रश्न निघेलच. तपासनीस नेमायला पैसे लागतात आणि राज्यांना परवाना विभागात माणसे वाढवणे नेहमीच जिवावर येते. पण इंडियानाच्या अयोग्य भरण्याचा वर दिलेला अंदाज त्या राज्याच्या दोन वर्षांपुरता आहे. त्याच्या एका लहानशा हिश्शात बरेच तपासनीस बरीच वर्षे काम करू शकले असते.

एक वाद मात्र परवान्याने मिटणार नाही आणि मिटावा अशी अपेक्षाही नसावी. अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींचा या उपचारपद्धतीलाच विरोध आहे: आठवड्याला चाळीस तास मुलाला ‘सामान्य’ दिसायला शिकवणे म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध चालवलेली कवायत आहे, असे त्यांचे म्हणणे. ओ. इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासाने चाळीस तासांची जी कल्पना रूढ केली, तिच्यावरची ही टीका मला पूर्णपणे नाही तरी बऱ्याच अंशी पटते. बिल तासाला लागत असल्यामुळे जास्त तास हाच चांगला उपचार ठरत गेला, आणि कमी तासांत मुलाला आपली तहान-भूक, नकार, त्रास सांगता यावा अशी मर्यादित उद्दिष्टे मागे पडली. उद्दिष्टे कोणती असावीत हे ठरवणाऱ्या आणि परवाना देणाऱ्या मंडळात प्रौढ स्वमग्न व्यक्ती मतदानाच्या हक्कासह असाव्यात. त्यांना सल्लागार म्हणून बोलावून चहा पाजून परत पाठवणे पुरेसे नाही.

हा सारा अमेरिकेचा मामला म्हणून महाराष्ट्राने दुर्लक्ष करावे असा नाही. आपल्याकडे आज पैसा फारसा वाहतच नाही, म्हणून घोटाळाही नाही. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. मूल आठवड्यातून तीन दिवस वाचा-उपचाराला किंवा व्यवसायोपचाराला जाते, तो खर्च त्यांत बसत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्नतेसह चार प्रकारच्या अपंगत्वासाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार येतात, पण नियमित उपचार घेणाऱ्या शहरी कुटुंबाला ती रक्कम वर्षभर पुरणे कठीण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्पष्ट स्थान दिले आहे, तेव्हा बाह्यरुग्ण उपचारांना सार्वजनिक विम्याचे संरक्षण मिळावे ही मागणी वाढत जाणार आणि ती मान्यही झाली पाहिजे.

ती मान्य होण्याआधीचा हा काळ आपल्या हाती आहे. त्याच कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार दिव्यांगांसाठीच्या संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागते आणि १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद व्यावसायिकांची नोंदणी करते. म्हणजे संस्थेची नोंद एकीकडे आणि माणसाची दुसरीकडे अशी आपलीही व्यवस्था दुभंगलेली आहे. त्यातच वर्तनविश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळाने २०२३ पासून भारतातल्या उमेदवारांना प्रमाणपत्रे देणे बंद केल्यामुळे वर्तनविश्लेषकांचा तो मार्गही मिटला. आपल्याला पर्यवेक्षक इथेच घडवावे लागतील: पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांत पर्यवेक्षणाची वेगळी पात्रता आणून आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तिचा सराव ठेवून. नाशिक, नांदेड, चंद्रपूर इथे असे किती पर्यवेक्षक उपलब्ध आहेत याची यादी राज्याकडे तयार झाल्यानंतरच त्या त्या जिल्ह्यात बाह्यरुग्ण उपचारांचे बिल विमा योजनेने स्वीकारायला सुरुवात करावी, जिल्हा मागे पडला तर तिथे आधी माणूस पाठवावा, आणि संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर पहिल्या दिवसापासून त्या पर्यवेक्षकाचा नोंदणी क्रमांक छापलेला असावा.